बालकाचा चष्मा आणि घरची समजूत

काटोल तालुक्यातील एका शाळेत प्रस्तुत लेखक तिसरीच्या वर्गास शिकवीत असता एक मुलगी फळ्यावरील उदाहरणे नेहमी चुकीची उतरवून घेई. ९ च्या जागी १, ५ च्या जागी ४. गंमत अशी, की तिने उतरवलेल्या आकड्यांचे उत्तर मात्र बिनचूक असे. त्यावरूनच उमज पडावयास हवा होता. तो पडला नाही. हा निष्काळजीपणा होय असे ठरवून तिला शिक्षा म्हणून शेवटच्या ओळीत बसविले, म्हणजे जे दिसत नव्हते ते आणखी दूर नेले. आरोग्य पथक तपासणीस आले तेव्हा तीन महिन्यांनी खरे कारण कळले.

शाळांत येणारे हे पथक २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे होय. शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा आणि अंगणवाडीतील बालकांची दोनदा तपासणी त्यात योजिलेली आहे. पथक चिठ्ठी देऊन जाते. परंतु चिठ्ठी आणि मुलाच्या नाकावरील चष्मा यांमध्ये त्याचे घर असते, आणि तेथवर जाण्याचे काम बहुधा शिक्षकाकडेच येते.

त्या मुलीच्या घरी गेलो तेव्हा वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “गुरुजी, एवढ्याशा पोरीच्या डोयाले काच लावली तं उद्या तिचं कसं होईन जी?” आजी दृष्ट लागल्याचे म्हणू लागली. आई तर आपल्याच हातून गरोदरपणी काही चुकले असावे या विचाराने रडू लागली. आपण अशा वेळी लगेच समजावू लागतो; ते चुकते. पालकांस प्रथम जे वाटते ते अज्ञान नव्हे, दुःख आहे. आपले लेकरू अधू निघाले, असे त्यांच्या कानी पडलेले असते. त्यातच ‘तुमचे लक्ष नव्हते’ असे सुचविले, की दार बंद झालेच म्हणून समजावे. “मीही तीन महिने रोज तिला पाहत होतो, मलाही कळले नाही. उलट मीच तिला मागे बसविले,” असे मी सांगितले तेव्हा आईने डोळे पुसले आणि पहिला प्रश्न विचारला: “चष्म्यानं नंबर वाढते का जी?”

या प्रश्नाचे उत्तर शिक्षकास नीट देता आले पाहिजे. डोळ्याचा गोल किंचित लांबट झाला, की दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. अंतर्गोल भिंग ती मागे सरकवून जागेवर आणते. मूल वाढते तसा डोळाही वाढतो, म्हणून नंबर बदलतो. चष्मा घातल्यामुळे नव्हे. बूट घातल्याने पाय मोठा होत नाही, हा दाखला मला उपयोगी पडला आहे. गाजर व पालेभाज्या आवश्य द्याव्यात. जीवनसत्त्व ‘अ’ च्या अभावाने होणारा रातांधळेपणा त्यांनी टळतो, परंतु नंबर जात नाही. दिवसाच्या उजेडात मोकळ्यावर खेळणाऱ्या मुलांत दूरचे अंधुक दिसण्याचा दोष कमी उद्भवतो, एवढे मात्र अभ्यासांतून दिसून आले आहे.

याहून अवघड प्रकार एकाच डोळ्यात दोष असण्याचा. असे मूल चांगल्या डोळ्याने सर्व काही पाहते, अडखळत नाही, तक्रारही करीत नाही. मग घरच्यांनी विश्वास तरी का ठेवावा? पण मेंदू अंधुक डोळ्याकडून येणारे चित्र घेण्याचे हळूहळू सोडून देतो आणि तो डोळा ‘आळशी’ होतो. चष्मा देऊन, गरज पडल्यास चांगला डोळा रोज काही तास झाकून, दुसऱ्यास कामास लावता येते. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत या उपचारास चांगले यश येते. पुढे ते उत्तरोत्तर घटत जाते. ‘मोठी झाली म्हणजे पाहू’ या वाक्याची किंमत येथे एक डोळा असू शकते. पालकांस हे सौम्यपणे, परंतु स्पष्ट सांगावे.

म्हणूनच पथकाची वाट न पाहता पहिली-दुसरीच्या वर्गात आपणच एक परीक्षा घ्यावी. सुमारे १३ मिलिमीटर उंचीचे, तीन पायांचे इंग्रजी ‘ई’ अक्षर जाड पुठ्ठ्यावर काळ्या शाईने काढावे. चांगल्या उजेडात ते ६ मीटरवर धरून निरनिराळ्या दिशांस फिरवावे, व पाय कोणीकडे आहेत ते मुलाने हाताने दाखवावे. अक्षर येत नसले तरी चालते. एकेक डोळा तळहाताने, न दाबता, झाकावा. मुले बोटांच्या फटीतून पाहतात, तिकडे लक्ष असावे. जो चुकेल त्यास प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वाटेने नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. नागपुरास मेडिकल व मेयो ही दोन्ही शासकीय रुग्णालये आहेत. गरजू विद्यार्थ्यांस राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून चष्मा विनामूल्य मिळण्याची तरतूद आहे, तिची चौकशी पथकाकडेच करावी.

लहान मुलांच्या डोळ्यांत तपासणीपूर्वी थेंब किंवा मलम घालतात. त्याने बाहुली मोठी होते, ऊन सोसत नाही आणि जवळचे अक्षर काही काळ, औषधाप्रमाणे कधी कित्येक दिवस, पुसट दिसते. हे आधी न सांगितल्यास ‘दवाखान्यात नेले आणि होते तेही गेले’ असा बोभाटा होतो. त्या दिवसांत मुलास लेखन देऊ नये.

चष्मा लागल्यावर पहिले काही दिवस जमीन वरखाली भासते, नाक दुखते. मूल तो दप्तरात लपविते. ‘ढापण्या’ ही हाक वर्गात पहिल्याच दिवशी उठते. ती मी उपदेशाने थांबवू शकलो नाही. माझा स्वतःचा चष्मा काढून फळ्यावरील ओळ वाचण्याचा प्रयत्न केला, चुकलो, मुले हसली. नंतर ती हाक फारशी ऐकू आली नाही. हल्ली भिंगे बहुधा प्लास्टिकची असतात, ती सदऱ्याच्या टोकाने पुसल्यास ओरखडतात. वर्गात एक स्वच्छ मऊ फडके ठेवावे. सहा महिन्यांनी फेरतपासणीची तारीख हजेरीपटाच्या मागे लिहून ठेवण्याची माझी सवय तेव्हापासूनची आहे. त्या मुलीची दुसरी तारीख आली तेव्हा तिचे वडीलच शाळेत आले आणि म्हणाले, “गुरुजी, धाकट्याचेही डोये पाहून घ्या.”