साध्या संगणकावर चित्रफितीचे संपादन

दृक्‌श्राव्य साधनांचे अध्यापनातील महत्त्व आता सर्वमान्य आहे. मोबाइलवर पाठ चित्रित करणेही सुलभ झाले आहे. परंतु त्यातील चुकलेला भाग कापणे, तुकडे जोडणे, शीर्षके घालणे हे काम आरंभिले की शाळेतील जुना संगणक अडून बसतो आणि चांगला पाठ तसाच पडून राहतो. हा दोष शिक्षकाच्या कौशल्याचा नव्हे. त्याचे कारण साध्या गुणाकारात आहे.

1920 × 1080 आकाराच्या एका चित्रात 20,73,600 बिंदू असतात. सेकंदास अशी 30 चित्रे सरकतात. म्हणजे संगणकास दर सेकंदाला 6,22,08,000 बिंदू हाताळावे लागतात. तोच आकार 640 × 360 केला, तर हा भार बरोबर एक नवमांश होतो.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या संपादन-सेवांमुळे निराळा कार्यक्रम संगणकात बसवावा लागत नाही. मात्र या सेवांच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत मूळ फीत दूरच्या संगणकाकडे पाठवितात आणि अवजड काम तिकडेच होते. 2011 मध्ये सुरू झालेली वीव्हिडिओ ही सेवा या पद्धतीची होय. दुसरीत केवळ कार्यक्रम इंटरनेटवरून येतो व काम आपल्याच संगणकावर होते. ऑस्ट्रेलियात निर्माण झालेली आणि 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेली क्लिपचॅम्प ही त्याची परिचित उदाहरण आहे.

पद्धत निवडताना हिशेब करावा. समजा, पाठाची फीत 600 मेगाबाइटची आहे व पाठविण्याचा वेग सेकंदास 2 मेगाबिट आहे. 600 × 8 = 4,800 मेगाबिट; भागिले 2, म्हणजे 2,400 सेकंद, अर्थात 40 मिनिटे. एक संपूर्ण तासिका केवळ वाट पाहण्यात जाईल. जेथे जाळे मंद तेथे दुसरी पद्धत बरी. जेथे जाळे चांगले पण संगणक दुर्बल तेथे पहिली.

दोहोंतही काही पथ्ये उपयुक्त ठरतात. मोबाइलवर 1280 × 720 आकारातच चित्रण करावे. बिंदू निम्म्याहून कमी होतात. एका घटकाची तीन-चार मिनिटांची फीत करावी. संपादनाच्या वेळी ब्राउझरमधील इतर पाने मिटावीत.

एक गोष्ट मात्र हिशेबापलीकडची आहे. पहिल्या पद्धतीत मुलांचे चेहरे व आवाज शाळेबाहेर जातात. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात 18 वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. म्हणून पालकांस विचारल्यावाचून मुलांचे चित्रण पाठवू नये. फळा, हात व शिक्षकाचा आवाज एवढ्यानेही उत्तम पाठ होतो.

स्वाध्याय : आपल्या शाळेतील जाळ्याचा वेग मोजून 300 मेगाबाइटची फीत पाठविण्यास लागणारा वेळ काढावा आणि कोणती पद्धत सोयीची ते ठरवावे.