कचरा डेपोजवळची विहीर : पाणी तपासूनच प्या



उसासाठी आपण माती तपासतो, पण घरच्या विहिरीचं पाणी मात्र ‘नितळ आहे, गोड लागतं’ एवढ्यावरच पितो. पुण्याजवळ उरुळी देवाची व फुरसुंगी येथे शहराचा कचरा वर्षानुवर्षे टाकला गेला. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं आणि गावकऱ्यांवर टँकरची वाट पाहण्याची वेळ आली.

पावसाचं पाणी कचऱ्यातून झिरपताना क्षार, कुजलेले पदार्थ, जंतू आणि शिशासारखे धातू बरोबर घेऊन खाली उतरतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात ते मुरमातून, भेगांतून वाट काढतं. त्यामुळे डेपोलगतची विहीर चांगली आणि लांबची खराब, असंही होऊ शकतं.

नमुना असा घ्यावा :

१) जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. तोंडाला आतून बोट लावू नये. बर्फाच्या डब्यात ठेवून २४ तासांच्या आत पोचवावी.

२) क्षारांसाठी दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावा. औषधाचा जुना कॅन बिलकूल नको. धातूंसाठी वेगळी बाटली मागून घ्यावी.

३) बोअर असल्यास मोटार दहा मिनिटे चालवून मग नमुना घ्यावा. विहिरीत नुकतीच टीसीएल पावडर टाकली असल्यास प्रयोगशाळेला तसं सांगावं.

४) गट नंबर, तारीख, वेळ व पाण्याची पातळी चिठ्ठीवर लिहावी. तपासणी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करावी.

अहवाल आल्यावर पुढील मर्यादा पाहाव्यात (भारतीय मानक १०५००, सन २०१२). एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोय नसल्यास २००० पर्यंत चालतात. नायट्रेट ४५ मिलिग्रॅम व शिसे ०.०१ मिलिग्रॅम यांच्या पुढे नको. ई. कोलाय जंतू १०० मिलिलिटरमध्ये एकही नसावा.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. नायट्रेट वाढलं म्हणजे दोष डेपोचाच, असं नाही. आपला युरिया, उकिरडा आणि संडासाचा शोषखड्डाही ते वाढवतात. म्हणून डेपोच्या चढाच्या बाजूची एक विहीरही त्याच दिवशी तपासावी. तिथलं पाणी चांगलं आणि उताराकडचं खराब निघालं, त्यातही क्लोराईड, अमोनिया व धातू जास्त आढळले, तर संशय डेपोवर जातो. असा लेखी पुरावा हातात असला म्हणजे ग्रामपंचायतीला व प्रदूषण नियंत्रण मंडळाला दाद मागता येते. नुसत्या आरडाओरड्याने काम होत नाही.

पाणी उकळून जंतू मरतात, नायट्रेट व धातू जात नाहीत. उलट पाणी आटून त्यांचं प्रमाण वाढतं. टीसीएलनेही ते निघत नाहीत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं दूध जादा नायट्रेटच्या पाण्यात कालवू नये. बाळ निळं पडतं, जिवावर बेतू शकतं. अहवाल वाईट आला तर ती विहीर पिण्यासाठी बंद करून दुसरी सोय पाहावी.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी होते. डेपोच्या आसपास राहणाऱ्या सभासदांनी एकेकट्याने न जाता वस्तीवरच्या सगळ्या विहिरींचे नमुने एकाच दिवशी द्यावेत. अहवाल समजला नाही तर आमच्या गट कार्यालयात घेऊन यावा; आपण बसून वाचू.

— ऊस विकास अधिकारी