यहूदाला माफी मिळाली असेल का?



आजचं वाचन: मत्तय 27:1-10. सोबत मत्तय 21:28-32 सुद्धा उघडून ठेवा, पुढे लागेल.

गेल्या आठवड्यात गावी, आखाडा बाळापूरला होतो. सुट्टीत गेलं की एखाद्या संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असतेच. हळद शिजवायचे दिवस, सगळे दमून आलेले. वाचनाला नेमका हा उतारा निघाला. वाचून झालं, गाणं सुरू करायचं, एवढ्यात माझ्या मावशीनं विचारलं, "यहूदाला माफी भेटली असंल का रे? मेल्यावर?"

शेजारचे माळकरी काका अधूनमधून येऊन बसतात. ते हसून म्हणाले, "आमच्यात वाल्याचा वाल्मीकी झाला. तुमच्या यहूदाचंच काहून अडलं?"

प्रश्न भारी होता, पण मावशी हसली नाही. का ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. (हे तिला विचारूनच लिहितोय.) काका वारल्यावर तिच्या दिरानं तिच्या सह्या घेतल्या, तिच्या नावावर कर्ज उचललं आणि एका वर्षी हळदीचे पैसेही नेले. कोर्टकचेरी झाली नाही, बोलणंच बंद झालं. दोन वर्षांनी त्यानं स्वतःचा जीव घेतला. म्हणून तिला विचारायचं होतं ते एवढंच: तो आता कुठं आहे, आणि उद्या तिथं समोर आला तर त्याच्याशी बोलायचं की नाही.

मी त्या रात्री जे सांगितलं ते अर्धवट होतं. पुण्याला परत आल्यावर नीट वाचलं. ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

आधी कडू भाग. शास्त्र यहूदाबद्दल गोड बोलत नाही. प्रभू स्वतः म्हणतो की हा मनुष्य जन्मला नसता तर त्याच्यासाठी बरं झालं असतं (मत्तय 26:24). योहान 17:12 मध्ये त्याला नाशाचा पुत्र म्हटलंय. प्रेषितांची कृत्ये 1:25 मध्ये तो आपल्या जागी गेला, एवढंच म्हणून शिष्यांची प्रार्थना थांबते. योहान 12:6 तर सांगतो की तो आधीपासूनच थैलीतले पैसे काढायचा. या वचनांवरून हात फिरवून "देव प्रेमळ आहे, सगळं ठीक होईल" असं मी कुणाला सांगणार नाही. आपल्याकडे फितूर म्हटलं की सूर्याजी पिसाळ, तसं ख्रिस्ती जगात यहूदाचं नाव. इटालियन कवी डान्टेनं तर त्याला नरकाच्या तळाशी, सैतानाच्या जबड्यात नेऊन ठेवलं.

पण त्याच रात्रीचा दुसरा माणूस बघा. पेत्रानं तीन वेळा नाकारलं, तेही शपथा घेऊन. आणि नाकारणाऱ्यांबद्दल प्रभू काय बोलला होता? जो मला माणसांसमोर नाकारील त्याला मी माझ्या पित्यासमोर नाकारीन (मत्तय 10:33 चा अर्थ हाच). हे वाक्य यहूदाबद्दलच्या वाक्यापेक्षा कमी धारदार नाही. तरी पेत्र वाचला. म्हणजे प्रभूच्या तोंडून कडक शब्द आला की दार कायमचं लागलं, असा हिशोब शुभवर्तमानात बसत नाही.

मग दोघांत फरक काय? आपल्या संदेशांमध्ये याचं एक ठरलेलं उत्तर असतं: पेत्राचा खरा पश्चात्ताप, यहूदाचा नुसता पस्तावा. मूळ ग्रीकमध्ये शब्दही वेगळे आहेत, एरवी पश्चात्तापासाठी मेटानोया येतो आणि मत्तय 27:3 मध्ये मेटामेलोमाय. मीही हे युथ मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलंय. आता वाटतं, चुकलंच. कारण मत्तय 21 मधल्या दोन मुलांच्या दाखल्यात तोच मेटामेलोमाय शब्द आहे. बाप मळ्यात जा म्हणतो, थोरला नाही म्हणतो, मग त्याला पस्तावा होतो आणि तो जातो. तिथं या मुलाचं कौतुक आहे! म्हणजे "यहूदाचा पस्तावा खोटा" हे त्या शब्दावरून सिद्ध होत नाही.

उलट त्यानं काय काय केलं ते मोजा. आपण पाप केलं हे कबूल केलं. ज्याला धरून दिलं तो निर्दोष आहे हे उघड बोलला, तेही शत्रूंच्या तोंडावर. पैसे परत नेले, नाही घेतले तर मंदिरात फेकले. आपल्यातले किती जण फसवून घेतलेले पैसे परत नेऊन देतात? थोरल्या मुलाला पस्तावा झाला आणि तो बापाच्या मळ्यात गेला. यहूदाला पस्तावा झाला आणि तो मुख्य याजकांकडे गेला. मला तरी सगळा फरक या जाण्यात दिसतो. ज्यांच्याकडे गेला त्यांनी काय म्हटलं? आमचं काय त्यात, तुझं तू निस्तर. पापक्षमेची सेवा ज्यांच्या हाती होती त्यांनी हे म्हणावं! त्यानंतर तो एकटाच बाहेर पडला, आणि मत्तयच्या क्रमानं बघितलं तर वधस्तंभ अजून उभा राहायचा होता. ज्या मरणानं त्याचं पाप धुतलं गेलं असतं ते त्यानं पाहिलंच नाही. तीन दिवस थांबला असता तर, हा विचार दर वर्षी येतो आणि दर वर्षी पोटात कालवतं.

पेत्र रडला, पण भावांमध्ये राहिला. म्हणून तर पुनरुत्थानाच्या सकाळी त्याच्या नावानं खास निरोप येऊ शकला (मार्क 16:7).

आता मावशीचा प्रश्न. प्रभूनं यहूदाचे पाय धुतले (योहान 13), स्वतःच्या हातानं घास दिला आणि बागेत तो चुंबन घ्यायला आला तेव्हाही त्याला मित्र म्हणून हाक मारली (मत्तय 26:50). प्रभूकडून दार बंद झाल्याची एकही खूण मला त्या रात्रीत सापडत नाही. आपल्या मराठी शास्त्रात यहूदासाठी 'धरून देणे' हा शब्द आहे. तिथं जे ग्रीक क्रियापद आहे तेच रोमकरांस 8:32 मध्ये येतं, पण तिथं देणारा देवबाप आहे, आणि तो आपला पुत्र आपल्यासाठी देतोय. माणसानं पैशासाठी दिलं, देवानं प्रीतीनं दिलं, दिला गेला तो एकच.

मरणानंतरचं मात्र मंडळ्यांमध्ये एकमत नाही. आमच्यासारखी प्रॉटेस्टंट माणसं इब्री 9:27 वर बोट ठेवतात: मरण, मग न्याय, मध्ये काही नाही. म्हणून आम्ही मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाही. कॅथलिक बंधुभगिनी करतात, 2 नोव्हेंबरचा दिवसच त्यासाठी आहे. त्यांच्या 1992 च्या अधिकृत धर्मशिक्षणात, ज्यांनी स्वतःचा जीव घेतला त्यांच्या तारणाबद्दल आशा सोडू नये असं स्पष्ट म्हटलंय. लहानपणी मी नेमकं उलटं ऐकलं होतं, की तसं मरण आलं की संपलंच. शास्त्रात असं सांगणारं वचन मला मिळालं नाही. यहूदाबद्दलही पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 18 ऑक्टोबर 2006 रोजीच्या शिकवणीत हेच धरलं की दयाळू आणि न्यायी देवाच्या जागी बसून आपण निकाल द्यायचा नाही. फ्रान्समध्ये व्हेझले इथं बाराव्या शतकातल्या चर्चमध्ये एका खांबाच्या माथ्यावर एका बाजूला मेलेला यहूदा कोरलाय, दुसऱ्या बाजूला एक माणूस त्याला खांद्यावर घेऊन चाललाय. अनेक जण त्या माणसाला उत्तम मेंढपाळ मानतात. ते शिल्प म्हणजे शास्त्रवचन नव्हे, हे मान्य. पण कोरणाऱ्याला हरवलेल्या मेंढराचा दाखला पाठ होता एवढं नक्की.

म्हणून माझं उत्तर असं: विश्वासघातक्याला क्षमा आहे, पेत्र त्याचा पुरावा. यहूदाला मिळाली का, हे मला सांगितलेलं नाही. वचनं भीती घालतात, आणि ती भीती मी जिवंत आहे तोवर माझ्या कामाची आहे. दुसऱ्याच्या मयतीवर निकाल लिहायला ती दिलेली नाही.

हे मी मावशीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यानं शेवटच्या महिन्यात फोन केला व्हता रे. पैशाचं बोलत व्हता, रडत व्हता. मी म्हणलं, तुझं तू निस्तर."

मला काही सुचलं नाही. खरंच. थोड्या वेळानं एवढंच म्हणालो की याजक गादीवर बसले होते आणि तू लुबाडलेली विधवा होतीस, दोन्ही सारखं नाही. त्याच्या मरणाचा हिशोब तुझ्या एका वाक्यावर मांडू नकोस. पण ते वाक्य टोचत असेल तर ते प्रभूकडेच ने, दुसरीकडे नको. मग आम्ही फोनवरच प्रार्थना केली. तिनं पहिल्यांदाच दिराचं नाव घेतलं. प्रार्थना मेलेल्यासाठी झाली की जिवंत माणसासाठी, ते मी तपासत बसलो नाही.

तुमच्यापैकी कुणी आज यहूदासारखं एकटं बाहेर पडायच्या बेतात असेल, कुणाला फसवल्यामुळे किंवा फसवलं गेल्यामुळे, तर कृपा करून आत्ता कुणाला तरी फोन करा. पाळक, मित्र, कुणीही. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो. मलाही लिहा.

काल मावशीचा पुन्हा फोन आला. पुढच्या वेळी येशील तेव्हा घरची हळद घेऊन जा म्हणाली, एक पिशवी तुला आणि एक नांदेडला जाऊबाईंकडे उतरवायची. त्यांना काय सांगू विचारलं, तर म्हणाली, "काही सांगू नको. नुसती दे."

उद्याचं वाचन: योहान 21:1-19.