टाकळ्याच्या बिया आणि गजकर्ण

पाऊस लागला की दवाखान्यात गजकर्णाचे रुग्ण वाढतात आणि एखादी आजी हमखास विचारते, “डॉक्टर, टाकळ्याच्या बिया ताकात वाटून लावू का?”

प्रश्न अडाणीपणाचा नाही. टाकळ्याचं एक संस्कृत नावच ‘दद्रुघ्न’, म्हणजे गजकर्ण मारणारा. त्याच्या बियांतल्या क्रायसोफॅनॉलच्या कुळातल्या द्रव्यांनी प्रयोगशाळेत ट्रायकोफायटॉन रुब्रम ही गजकर्णाची बुरशी रोखूनही दाखवली आहे. या कुळाची ताकद आपल्याकडे पूर्वीही पाहिली आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ‘गोवा पावडर’ विकली जायची. नाव गोव्याचं, माल मात्र ब्राझीलच्या झाडाचा, पोर्तुगिजांमार्फत आलेला. गजकर्णावर ती चालायची. पण कातडी लालबुंद व्हायची, डोळ्यात गेली तर हाल, आणि कपड्यांवरचे डाग जाता जात नसत. झाडाचं औषध सौम्यच असतं, असं म्हणणाऱ्यांना मी या पावडरची आठवण करून देतो.

माणसांवरचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे. टाकळ्याचा भाऊबंद दादमर्दन. त्याच्या पानांच्या अर्काचा सुमारे 200 जणांवरचा अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. गुण आला, पण तो शिब्यांवर. शिबं वेगळ्या बुरशीमुळे होतं आणि कातडीच्या अगदी वरच्या थरात राहतं. तो गुण जांघेतल्या जुनाट गजकर्णाच्या खाती मांडता येत नाही. शिवाय घरी वाटलेल्या लेपात औषध किती उतरलं, हे कोण मोजणार? त्यात लिंबू पिळलं तर खाजवून सोललेली कातडी आणखी चिडते.

खरं सांगायचं तर मला टाकळ्यापेक्षा दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या ट्यूबची धास्ती जास्त वाटते. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते आणि बुरशी आत निवांत पसरते. त्यातच टर्बिनाफाइन या बुरशीवरच्या औषधाला दाद न देणारी बुरशी आता देशभर आढळते.

तेव्हा आजी, लेप नको. डाग पसरत असेल, मधुमेह असेल किंवा नातवाच्या डोक्यात चट्टा पडून केस गळत असतील तर लगेच या. डोक्यातल्या गजकर्णाला पोटातून औषध लागतं. घरात आणखी कुणी खाजवत असेल तर त्यालाही आणा. टॉवेल वेगळा ठेवा, ओले कपडे अंगावर वाळवू नका. येताना ती ट्यूब घेऊन या, संपलेली असली तरी. टाकळ्याचा कोवळा पाला ओलं खोबरं घालून खुशाल खा.