सोनं शेवटी बघ

पोरी, पुढच्या महिन्यात तू जर्मनीतल्या ऑस्नाब्र्युकला गिझेलाची पोथी बघायला निघालीस. जुन्या पोथ्यांची डागडुजी करण्यात माझा जन्म गेला, पण ही पोथी मी फक्त हुबेहूब प्रतिकृतीत पाहिली. मूळ पानं तुझ्या वाट्याला आली, याचा आनंद मला तुझ्याइतकाच आहे. आमच्या सरांनी मला दिलेलं आणि पुढे मी चुकत शिकलेलं, असं थोडं तुझ्या कानावर घालते. वहीत लिहून घे.

ती पोथी कशाची, हे आधी पक्कं कर

ही पोथी कॉन्व्हेंटातली. कॉन्व्हेंट म्हटलं की आपल्याला शाळा आठवते. इथे मात्र जन्मभराचं व्रत घेतलेल्या बायकांचा मठ धरायचा. ऑस्नाब्र्युकजवळच्या रुले गावातल्या सिस्टर्शियन नन्सच्या मठात सुमारे १३०० साली ही पोथी तयार झाली. हिला ग्रादुआले म्हणतात. वर्षभरातल्या मिस्सांमध्ये गायची लॅटिन गीतं तिच्यात स्वरांसकट लिहिलेली असतात. दिवसाच्या प्रहरांच्या प्रार्थनांची गीतं वेगळ्या पोथीत, तिचं नाव अँटिफोनाले. ग्रादुआले सुरू होतं आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी. हा क्रम डोक्यात असला की कुठलंही पान उघडलं तरी तू हरवणार नाहीस.

हात धू, कोरडे कर, क्रीम लावू नकोस

पांढरे सुती हातमोजे फोटोत शोभतात. पण ही पानं चामड्याची, त्यांना उघडी, स्वच्छ, कोरडी बोटं बरी. मोज्यातून स्पर्श कळत नाही आणि सुटत आलेला रंगाचा कण धाग्यात अडकून निघून येतो. तरीही तिथल्या लोकांनी मोजे घालायला सांगितले, तर मुकाट्याने घाल. घर त्यांचं आहे. पेन बाहेर, पेन्सिल आत. पोथी उशीवर जेवढी सुखाने उघडेल तेवढीच उघडायची. चित्राला आणि सोन्याला बोट लावायचं नाही.

चामडं वाच

उजेड तिरपा पडेल असं बस. ज्या बाजूला जनावराचे केस होते ती किंचित पिवळट दिसते, तिच्यावर बारीक ठिपके असतात. मांसाकडची बाजू गोरी असते. बांधणारे पानं अशी रचत, की उघडल्यावर समोरासमोर सारख्याच बाजू याव्यात. जिथे पिवळट आणि गोरी समोरासमोर दिसतील तिथे थांब. एखादं पान गेलं असेल किंवा मागाहून घातलं असेल. कडेला ओळीने टोचलेली भोकंही शोध. त्यांच्या आधारानेच रेघा आखलेल्या असतात.

शाईला घाबरून राहा

आपल्या पोथ्यांची शाई बहुतेक काजळाची. ती कागदावर बसते आणि पाण्याने सुटते. तिकडची शाई मायफळ, हिराकस आणि डिंकाची. तुला तान्हेपणी बाळगुटीत उगाळून दिलं तेच हे मायफळ. ही शाई चामड्याला चावते. म्हणून धुतली तरी जात नाही, आणि चुकलेला स्वर पुसायचा तर सुरीने खरवडावा लागतो. खरवडलेली जागा तिरप्या उजेडात खरबरीत दिसते. अशा जागा टिपून ठेव. एखादीने गाऊन पाहिलं, चूक कानाला लागली आणि मग सुरी हातात घेतली, असं तिथे घडलेलं असू शकतं.

चार रेघा आणि ओळीच्या शेवटची खूण

स्वर चार रेघांवर लिहिलेले असतात. रेघ आणि दोन रेघांमधली जागा, अशी एकेक पायरी वर चढायची. डावीकडे रेघेवर एक अक्षर असतं, ते त्या रेघेवर कुठला स्वर आहे ते सांगतं. पण तो स्वर किती उंच घ्यायचा हे पोथी सांगत नाही. गाणाऱ्यांच्या गळ्याला झेपेल तिथे सूर धरायचा, जसा आपल्याकडे गाणारा आपला सा धरतो. ताल नाही, मात्रांच्या उभ्या रेघा नाहीत. शब्दाच्या एकेका अक्षरावर स्वरांचे लहान-मोठे झुपके आहेत.

ओळ संपते तिथे एक चिमुकली खूण दिसेल. पुढच्या ओळीचा पहिला स्वर कुठला, ते ती आधीच सांगते. गाणारीची नजर ओळ बदलताना अडखळू नये म्हणून ही सोय. ही खूण दिसली, की पोथी कपाटासाठी केलेली नव्हती हे पटतं.

बायकांच्या खुणा शोध

तांबड्या अक्षरांतल्या सूचना सोडू नकोस. कुठला सण, कोणी काय गायचं, हे त्यात असतं. लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी रूपं आली, की गाणाऱ्या बायका होत्या हे उघड होतं. मठात गायन बघणारीला कांत्रिक्स म्हणत. बऱ्याच ठिकाणी पुस्तकंही तिच्याच ताब्यात असत.

बायका गात असतील, पोथी मात्र पुरुषांनीच लिहिली असणार, असं कोणी म्हणालं, तर डालहाइमची गोष्ट सांग. जर्मनीतल्या त्या मठाच्या दफनभूमीतल्या एका मध्ययुगीन स्त्रीच्या दातांवरच्या किटणात निळ्या रंगाचे कण सापडले. २०१९ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. तो रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा होता. पोथी रंगवताना कुंचल्याचं टोक ती ओठांनी ओलं करत असावी. वीनहाउझेनच्या मठात नन्स गायला बसत त्या जागेच्या जमिनीच्या फळ्यांखाली १९५३ साली मध्ययुगीन चष्मे मिळाले. डोळे थकले तरी त्या पानासमोरून उठल्या नव्हत्या.

एका नावावर थांबू नकोस

पोथीच्या सुरुवातीच्या लेखात म्हटलं आहे, की हे सगळं गिझेला फॉन केर्सेनब्रोकने केलं. लिहिलं, रंगवलं, स्वर घातले, पानांना अंक दिले, सोन्याची अक्षरं आणि चित्रं काढली. लेख तिच्या आत्म्याला शांती मागतो, म्हणजे तो तिच्यामागे कोणीतरी प्रेमाने लिहिलेला आहे. अभ्यासकांना मात्र पोथीत एकापेक्षा जास्त हात दिसले आहेत. यात तिचा मान कमी होत नाही. दिंडीचा विणेकरी एक असला तरी अभंग सगळ्यांचा असतो. तू अक्षरांचं वळण बघ, एकच अक्षर दहा पानांवर मिळवून बघ. जिथे हात बदलला वाटेल तिथे एक निनावी बाई आहे, असं समजून नोंद कर.

मळ पुसू नकोस

ही माझी चूक आहे, म्हणून जपून ऐक. कामाला लागले त्या वर्षी एका पोथीच्या पानांचे खालचे कोपरे काळपट झाले होते. मी ते घासून लख्ख केले आणि सरांना दाखवायला नेले. सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, कुठलं पान जास्त वाचलं जायचं हे आता कोणालाच कळणार नाही. तो मळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोटांचा होता. मी तो पाच मिनिटांत घालवला. गीतांच्या पोथीत कोपरा काळा असेल, मेणाचा थेंब असेल, तर ते गीत पुन्हा पुन्हा गायलं गेलं, असं समज.

तुकडेही हातात घे

सगळ्या पोथ्या गिझेलाच्या पोथीसारख्या नशीबवान नाहीत. सांक्ट काथारिनेनटालच्या डोमिनिकन नन्सची १३१२ ची पोथी फार सुंदर, पण तिची काही चित्राक्षरं कापून नेली गेली. वीनहाउझेनला मूर्तींना नेसवायच्या कपड्यांच्या काठात जुन्या पोथ्यांच्या चामडी पट्ट्या शिवलेल्या निघाल्या. तशीच दुसऱ्या पुस्तकाच्या बांधणीत चार रेघांची पट्टी दिसली, तर तिला कचरा म्हणू नकोस.

आणि मग सोनं

गिझेलाच्या पोथीत ५०हून अधिक चित्राक्षरं आहेत. नाताळच्या गीताच्या पहिल्या अक्षरात, बाळ येशूच्या जन्माखाली, गाणाऱ्या नन्सचा मेळा काढला आहे आणि त्यांच्यात एकीच्या शेजारी गिझेलाचं नाव आहे. तिथे थेट धावू नकोस. आधी त्याच पानावरची एक ओळ शोध, तुझ्या गळ्याला झेपेल असा सूर धर आणि परवानगी असेल तर अगदी हळू गा, नसेल तर मनात. अडखळलीस तर ओळीच्या शेवटची खूण बघ.

ओळ पुरी झाली, की मान वर कर. चित्रातल्या बायकाही गात असतील. मग सोनं बघ, पोटभर बघ.