वजन कमी करायचंय, पण शुगर-बीपीची गोळी चालू आहे : सुरुवात कशी करावी



आपल्या उधना, लिंबायत, पांडेसराच्या ग्रुपवर वजनाचा विषय निघाला की कुणीतरी लगेच डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा व्हिडीओ टाकतं. दोनदाच जेवायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. अनेकांना त्याचा फायदा झालाय, त्यावर आम्हाला वाद घालायचा नाही. पण हिशोब करून बघा, हा वेग ताशी सहा किलोमीटर होतो. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना जिना चढताना दम लागतो, त्यांनी पहिल्याच दिवशी तिथून सुरुवात करायची नाही.

आपल्याकडे बहुतेकांना वाटतं, लूमवर बारा तास उभं राहतो, मग वेगळा व्यायाम कशाला? उभं राहणं हा व्यायाम नाही, त्याने पाय सुजतात आणि नसा फुगतात. घरी बसून साडीला लेस-टिकली लावणाऱ्या ताईंचं तर मांडी घालून तासन्‌तास बसणंच होतं.

आधी तपासणी. बीपी, शुगर आणि पोटाचा घेर. पुरुषांचा घेर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बायकांचा ८० च्या वर असेल तर काळजी घ्यावी. जवळच्या मनपा आरोग्य केंद्रात, स्मीमेरला किंवा नव्या सिव्हिलला दाखवता येतं. बीपीचा वरचा आकडा १८० च्या आसपास असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टर, चालणं नंतर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उपवास आणि गोळी. एकादशीला सकाळी रिकाम्या पोटी शुगरची गोळी घ्यायची, वरून अर्धा तास चालून यायचं, हे फार धोक्याचं आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या पोटात अन्न नसलं तरी साखर खाली आणतात. (एकट्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही.) घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यापुढे अंधारी आली तर ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर बघायची. साखर ७० च्या खालीच असेल तर परत तेवढीच साखर घ्यायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. त्यावेळी उपवास मोडेल म्हणून थांबू नये. आणि दुसरी बाजू अशी की साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली तर शुगर उलट वाढते. म्हणून उपवासाच्या दिवशी गोळी किती आणि कधी, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. मनाने गोळी बंदही करू नका.

चालण्याचं म्हणाल तर पहिला आठवडा जेवणानंतर दहा-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, सपाट जागेवर. गल्लीत गर्दी असेल तर गच्चीवर. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे १५० मिनिटं झाली की पुष्कळ. वेग कसा ओळखायचा? चालता चालता बोलता आलं पाहिजे. आरामात आरती म्हणता येत असेल तर वेग थोडा वाढवा, बोलताच येत नसेल तर कमी करा.

गुडघा फारच दुखत असेल तर खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करा, पाच अंक मोजा, खाली आणा, असं दहा वेळा. श्वास रोखायचा नाही. बीपी, हृदयविकार किंवा हर्निया असेल तर जोराची कपालभातीही नको. शुगरवाल्यांनी अनवाणी चालू नये, रात्री तळपाय बघावेत, कारण बधिर पायाला जखम झालेली कळत नाही.

वजन आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरलं तर ते सुरक्षित. ऐंशी किलोच्या माणसाने चार किलो कमी केलं तरी शुगर-बीपीत फरक दिसू लागतो, आणि एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. 'महिन्यात दहा किलो' म्हणणाऱ्या पावडरी घेऊ नका, मग त्या विकणारा आपला नातेवाईक का असेना! भाकरी सोडू नका. शेवभाजीवरचा तेलाचा तवंग, सकाळचा फाफडा-जलेबी आणि कारखान्यातला गोड चहा यांच्यावर हात आखडा. किडनीचा त्रास असेल तर डाळ-पनीर वाढवण्याआधी विचारा.

वजन उतरू लागलं की जुन्या गोळ्या जास्त होऊ शकतात. चार-सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं ते त्यासाठीच.

या आठवड्याचा अभ्यास : घरात कोण कोणती गोळी किती वाजता घेतं, ते एका कागदावर लिहून फ्रिजवर किंवा कपाटाच्या दारावर चिकटवा. नावं ग्रुपवर टाकू नका, फक्त 'झालं' एवढंच कळवा.

जय गुरुदेव.