मधुमेह, मूत्रपिंडें व रक्ताची साक्ष

गेल्या सत्रांत आमच्या इयत्ता नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी आठवड्यांतून दोन दिवस शाळेस उशिरां येऊं लागला. चौकशी करतां असें कळलें कीं, त्याच्या वडिलांस डायालिसिससाठीं रुग्णालयांत न्यावें लागतें, व घरीं दुसरें कोणी नसल्यामुळें तोच त्यांच्या सोबतीस जातो. पुढें एके दिवशीं उत्सर्जनसंस्थेचा पाठ चालला असतां त्यानें उभें राहून विचारलें, "सर, बाबांच्या रक्तांतली साखर पंधरा वर्षें तपासली जात होती. मग मूत्रपिंडें बिघडत आहेत हें त्या रक्तानें आधींच कां सांगितलें नाहीं?" इतक्यांत तास संपल्याची घंटा झाली. खरें सांगावयाचें तर, घंटा झाली नसती तरी त्या प्रश्नाचें पुरतें उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नसतें. हा लेख म्हणजे तें राहिलेलें उत्तर होय.

हा प्रश्न एका घरापुरता नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेली जी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, तीवरून आपल्या देशांत मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींवर असल्याचें दिसून आलें. मधुमेह झालेल्या सुमारें तीन माणसांपैकीं एकास पुढें मूत्रपिंडांचा विकार जडतो. तेव्हां हा पाठ मुलांबरोबर पालकांनींही वाचावा, अशी आमची विनंती आहे.

प्रथम मूत्रपिंडांचें कार्य पाहूं. प्रत्येक मूत्रपिंड मुठीएवढें असून त्यांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीच्या तोंडाशीं केशवाहिन्यांचा एक पुंजका असतो. दिवसभरांत ह्या गाळण्यांतून सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यांतील बहुतेक सर्व परत रक्तांत शोषून घेतला जातो, व दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपानें बाहेर पडतो. रक्तांतील मोठीं प्रथिनें, विशेषतः अल्ब्युमिन, गाळणीच्या ह्या बाजूसच राहावीं, हा निसर्गाचा नियम आहे.

मधुमेह्याचें मूत्र मधासारखें असतें, हें आपल्या प्राचीन वैद्यांस ठाऊक होतें. मूत्रांतील गोडी साखरेची आहे, हें इंग्लंडांतील मॅथ्यू डॉब्सन ह्यानें १७७६ सालीं दाखविलें. लंडनच्या रिचर्ड ब्राइट ह्यानें १८२७ सालीं मूत्रपिंडाच्या विकारांचें वर्णन केलें. चमच्यांत मूत्र घेऊन तें ज्योतीवर तापवावें, व अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणें तें गोठलें तर अल्ब्युमिन आहे असें समजावें, अशी साधी परीक्षा त्या काळीं होती. पुढें १९३६ सालीं किमेलस्टील व विल्सन ह्या दोघांनीं मधुमेह्यांच्या मूत्रपिंडांतील गांठींचें वर्णन केलें, आणि मधुमेह व मूत्रपिंड ह्यांचा संबंध सूक्ष्मदर्शकाखालीं स्पष्ट झाला.

हा बिघाड होतो तरी कसा? रक्तांत साखर दीर्घकाळ अधिक राहिली म्हणजे गाळण्यांवरील दाब वाढतो. आरंभीं तर त्या नेहमींपेक्षां अधिकच काम करितात. पुढें त्यांच्या भिंती जाड होतात, परंतु छिद्रांची निवड करण्याची शक्ति मंदावते, आणि अल्ब्युमिन थोडें थोडें पाझरूं लागतें. शेवटीं एकेक गाळणी वण पडून बंद होते. ह्या साऱ्या वर्षांत रोग्यास वेदना होत नाहीं. दांत दुखला तर माणूस रात्रीं उठून बसतो. मूत्रपिंड मात्र अर्धें नासलें तरी तक्रार करीत नाहीं.

आतां साक्षीदारांकडे वळूं. पहिला साक्षीदार रक्तांत नसून मूत्रांत आहे, ही गोष्ट ध्यानांत धरावी. मूत्रांतील अल्ब्युमिन तेथील क्रिएटिनिनाच्या मानानें मोजतात. एक ग्रॅम क्रिएटिनिनामागें ३० मिलिग्रॅमहून कमी अल्ब्युमिन असणें हें प्रकृतीचें लक्षण; ३० ते ३०० ही धोक्याची सूचना; ३०० च्या वर गेल्यास विकार बराच पुढें गेला असें समजतात. ताप किंवा अतिश्रम ह्यांनींही हा आंकडा तात्पुरता वाढतो. म्हणून एका तपासणीवर निर्णय न करितां ती पुन्हां करावी लागते.

दुसरा साक्षीदार रक्तांतील क्रिएटिनिन. हें स्नायूंत तयार होणारें टाकाऊ द्रव्य आहे. गाळण्या मंदावल्या कीं तें रक्तांत सांचतें. परंतु ह्या साक्षीदारांत दोन उणिवा आहेत. एक, गाळण्याची शक्ति जवळजवळ निम्म्यानें घटेपर्यंत त्याचा आंकडा पुष्कळदां मर्यादेंतच राहतो. दुसरी, तो स्नायूंवर अवलंबून असतो. एक उदाहरण घेऊं. पंचवीस वर्षांचा तरुण व सत्तर वर्षांची आजीबाई, दोघांचेंही क्रिएटिनिन १·२ आलें. कागदावर आंकडा एकच! परंतु वय व स्त्रीपुरुषभेद जमेस धरणाऱ्या २०२१ सालच्या सूत्रानें हिशेब केला, तर तरुणाची गाळण्याची गति मिनिटास सुमारें ८६ मिलिलिटर, आणि आजीबाईंची सुमारें ४९ निघते. ही गति तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खालीं राहिली, तर त्यास मूत्रपिंडाचा जुनाट विकार म्हणतात. म्हणजे तरुणाच्या बाबतींत जो आंकडा निर्धास्त राहण्याचा, तोच आजीबाईंच्या बाबतींत सावध होण्याचा. नुसता आंकडा वाचून समाधान मानूं नये, हा धडा येथें मिळतो.

ह्या दुसऱ्या उणिवेवर उपाय म्हणून सिस्टॅटिन-सी नांवाचें लहान प्रथिन मोजतात. तें शरीरांतील बहुतेक सर्व पेशींत तयार होतें, म्हणून कृश माणसाच्या बाबतींत त्याची साक्ष अधिक भरंवशाची असते.

तिसरा साक्षीदार एचबीएवनसी. रक्तांतील साखर हिमोग्लोबिनास चिकटते, आणि तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. म्हणून ह्या तपासणींत मागील दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब सांपडतो. मधुमेह्यांत ह्या हिमोग्लोबिनाचें प्रमाण वाढतें, हें इराणांतील सॅम्युएल रहबर ह्यांनीं १९६८ सालीं दाखविलें. पंडुरोग असल्यास मात्र हा आंकडा फसवूं शकतो. शिवाय तो धोक्याचें कारण सांगतो. मूत्रपिंडास इजा झाली कीं नाहीं, हें सांगत नाहीं.

अलीकडे शास्त्रज्ञ आणखी पुढें गेले आहेत. बोस्टन येथील जॉस्लिन मधुमेह केंद्रांतील संशोधकांनीं २०१२ सालीं दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या ४१० रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शरीरांतील दाहाशीं संबंध असलेलें टीएनएफ-ग्राहक-१ नांवाचें प्रथिन ज्यांच्या रक्तांत सर्वांत अधिक होतें, त्या चतुर्थांश रोग्यांपैकीं बारा वर्षांत शेंकडा ५४ जणांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. उरलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ३ होतें. २०१९ सालीं अशा १७ प्रथिनांचा समूह ओळखण्यांत आला. हें ज्ञान मोठें आशादायक आहे. परंतु ह्या तपासण्या अद्याप गांवोगांवच्या दवाखान्यांत होत नाहींत, व त्यांची वाट पाहत बसण्याचें कारणही नाहीं.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर. बाळा, रक्तानें खोटें सांगितलें नाहीं. त्यास साखरेविषयीं विचारलें, त्यानें साखरेचें सांगितलें. मूत्रपिंडांविषयीं त्यास कोणी विचारलेंच नाहीं, आणि ज्या मूत्रानें सर्वांत आधीं सांगितलें असतें, तें तपासलें गेलें नाहीं. ह्यांत तुझ्या वडिलांचा दोष नाहीं. काय विचारावें हें त्यांस कोणी शिकविलें नव्हतें. शिकविणें हें आम्हां शिक्षकांचें काम, आणि तें करण्यास आम्हांसही उशीर झाला.

वेळीं कळल्यानें काय साधतें, असें कोणी विचारील. १९९३ सालीं संपलेल्या अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगांत पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे १४४१ रोगी होते. साखर काटेकोरपणें आटोक्यांत ठेविल्यानें मूत्रांत अल्ब्युमिन पाझरूं लागण्याचा धोका शेंकडा ३९ नीं कमी झाला. रक्तदाब उतरवून गाळण्यांवरील भार हलका करणारीं औषधें आज आहेत, आणि २०१९ पासून मूत्रावाटें साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांनींही मूत्रपिंडांचें रक्षण होतें असें सिद्ध झालें आहे. परंतु हीं सर्व साधनें गाळण्या शाबूत असतांनाच खरी मदत करितात. बंद पडलेली गाळणी पुन्हां उघडत नाहीं.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, ह्या सुट्टींत एक अभ्यास घरीं करा. घरांत कोणास मधुमेह असेल, तर त्यांचे तपासणीचे कागद काढा व तीन गोष्टी शोधा: वर्षाच्या आंत मूत्रांतील अल्ब्युमिन तपासलें आहे काय? क्रिएटिनिनावरून गाळण्याची गति काढली आहे काय? रक्तदाब नोंदला आहे काय? दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहांत निदान झाल्यापासूनच, व पहिल्या प्रकारच्या मधुमेहांत पांच वर्षांनंतर, मूत्रपिंडांची तपासणी दरवर्षीं व्हावी असा नियम आहे. जें सांपडणार नाहीं तें एका चिठ्ठीवर लिहा, आणि पुढील खेपेस ती चिठ्ठी डॉक्टरांपुढें ठेवावयास सांगा. अंगदुखीच्या गोळ्या आपल्या मनानें घेण्याची संवय कोणास असेल, तर तीही डॉक्टरांच्या कानांवर घाला. कारण त्यांतील पुष्कळ गोळ्या मूत्रपिंडांस बाधक असतात. औषध बदलणें किंवा बंद करणें मात्र डॉक्टरांचें काम, तुमचें नव्हे.

तो विद्यार्थी आतां दहावींत आहे. त्याच्या धाकट्या काकांसही मधुमेह आहे. गेल्या महिन्यांत त्यानें आपण होऊन काकांस दवाखान्यांत नेलें व मूत्राची तपासणी करविली. आंकडा ४८ आला. "सर, ह्या वेळीं आधीं कळलें," असें तो आम्हांस म्हणाला.